फोडणीपुरती हिरवाई : गॅलरीत काय लावायचं, कसं जगवायचं आणि कसं खुडायचं

घरी काहीतरी लावायचं म्हटलं की बहुतेक जण सुरुवात धण्यांपासून करतात. पंधरा दिवस वाट बघितल्यावर विरळ चार काड्या उगवतात, त्यातल्या दोन कबुतरं उपटतात, उरलेल्या दोन उन्हाने माना टाकतात, आणि ‘आपल्या हाताला यशच नाही’ असं म्हणून कुंडी गच्चीवर रवाना होते. दोष हाताचा नसतो. कोथिंबीर हे कुंडीतलं सगळ्यात लहरी पीक आहे. नवशिक्याने ते शेवटी लावावं, असं माझं स्पष्ट मत आहे.

क्रम असा ठेवा. गवती चहा, पानओवा आणि पुदिना पहिल्यांदा, कारण ही तिन्ही नुसत्या काडीवरून येतात आणि चुका माफ करतात. कढीपत्त्याचं रोप त्याच सुमारास आणा, पण वर्षभर त्याच्याकडे फारसं काही मागू नका. मे महिन्यात हळद. आणि हात बसला की थंडीच्या तोंडावर कोथिंबीर.

काय लावायचं याची कसोटी साधी आहे. घरात रोज थोडं लागतं, पण बाजारात जुडीनेच मिळतं, ते लावा. आमटीला सात-आठ पानं कढीपत्ता, चहाला वीतभर गवती चहा, चटणीला मूठभर पुदिना. बाकीची जुडी फ्रीजमध्ये काळी पडते, ती या कुंड्या वाचवतात. उलट कोथिंबिरीच्या वड्या करायच्या असतील तर सरळ मंडईत जा. तेवढी कोथिंबीर खिडकीच्या ग्रिलमध्ये होत नाही आणि तशी अपेक्षाही ठेवू नये.

आधी ऊन बघा, मग कुंडी आणा

सुट्टीच्या दिवशी सकाळी आठ, दुपारी बारा आणि चार वाजता गॅलरीत ऊन कुठे पडतं ते बघा. कढीपत्ता आणि गवती चहाला निदान पाच-सहा तास थेट ऊन हवं. कोथिंबिरीला तीन-चार तास पुरतात. पुदिना, पानओवा आणि हळद अर्ध्या सावलीतही चालवून घेतात.

एक गोष्ट पुष्कळांच्या लक्षात येत नाही. आपल्याकडे थंडीत सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो, त्यामुळे दक्षिणेच्या गॅलरीत ऊन पार आतपर्यंत येतं आणि उत्तरेच्या गॅलरीला त्याचं दर्शनही होत नाही. मे-जूनमध्ये तो डोक्यावर, मुंबई-पुण्याच्या तर किंचित उत्तरेलाच असतो. म्हणून डिसेंबरात छान असलेली जागा मे महिन्यात तशीच राहील असं धरून चालू नका. कुंड्या हलवता येतील एवढ्याच जड ठेवा.

पूर्वेची गॅलरी मिळाली तर नशीबच. पश्चिमेची असेल आणि तुम्ही नागपूर-अकोल्याकडे राहत असाल, तर मार्च ते जून हिरवी शेडनेट लावल्याशिवाय काहीही तगणार नाही. मुंबईत उन्हापेक्षा कबुतरांचा त्रास मोठा, तिथे जाळी हवीच.

माती

नुसती काळी माती कुंडीत भरू नका. शेतात ती सोनं असेल, पण कुंडीत ती ओली असताना चिखल होते आणि वाळली की आकसून कडेला भेगा पडतात. मग घातलेलं पाणी त्या भेगांतून सरळ खाली ताटलीत उतरतं आणि मुळं कोरडीच राहतात. नर्सरीतली लाल माती दोन भाग, कोकोपीट एक भाग, चांगलं कुजलेलं शेणखत किंवा गांडूळखत एक भाग आणि कुंडीमागे मूठभर निंबोळी पेंड, एवढं मिश्रण जवळपास सगळ्यांना चालतं. कोकोपीटचा ठोकळा भिजवल्यावर ते एक-दोनदा पाण्यातून काढून पिळून घ्या, कारण त्यात क्षार असू शकतात. शेणखताला शेणाचा वास येत असेल तर ते अजून कच्चं आहे, त्याने मुळं जळतात.

कुंडीच्या भोकावर खापरीचा एक तुकडा पालथा ठेवा. माती काठापासून दोन बोटं खाली राहू द्या, नाहीतर पाणी घालताना ती बाहेर सांडते. खालच्या मजल्यावरच्या काकूंच्या वाळत घातलेल्या कपड्यांवर लाल पाण्याचे ओघळ पडले की बागकामाचा छंद सोसायटीच्या मीटिंगमध्ये पोचतो, तेव्हा प्रत्येक कुंडीखाली ताटली ठेवाच.

पाण्याचं वेळापत्रक विचारू नका. बोट दुसऱ्या पेरापर्यंत मातीत घाला. ओलं लागलं तर थांबा, कोरडं लागलं तर ताटलीत उतरेपर्यंत घाला आणि ताटली रिकामी करा.

काडीवरून येणारी तीन

पुदिन्याची जुडी आणताना जाड, जांभळट देठांची निवडा. वीतभर काड्या पेराच्या खाली कापा, खालची पानं काढा आणि ग्लासभर पाण्यात ठेवा. पाणी दोन दिवसांनी बदला. आठ-दहा दिवसांत पेरांतून पांढरी मुळं सुटतात. ती बोटाच्या पेराएवढी झाली की मातीत लावा. पुदिन्याला खोल कुंडीपेक्षा पसरट कुंडी किंवा जुना टब आवडतो, कारण तो मातीखालून धावे सोडत पसरतो. त्याच कुंडीत दुसरं काही लावलंत तर तो ते गिळून टाकतो. पेरापेरांतलं अंतर वाढून काड्या लोंबायला लागल्या तर ऊन कमी पडतंय. पानांखाली नारिंगी ठिपके दिसले तर तांबेरा आहे. मग औषधं शोधत बसू नका, सगळा पुदिना मातीलगत कापून फेकून द्या, नवे फुटवे बहुधा निरोगी येतात. वर्षातून एकदा, पाऊस सुरू झाला की अर्धा गड्डा उपसून काढा आणि नवी माती भरा.

गवती चहाला नुसती पात उपयोगाची नाही. बुडाशी पांढरा, फुगीर कोंब असलेली काडी हवी. बाजारात बहुतेकदा वरून कापलेली पात मिळते, म्हणून कुणाच्या तरी अंगणातल्या गड्ड्यातून दोन-तीन कोंब मुळासकट मागून आणणं उत्तम. मोठी, किमान बारा इंची कुंडी द्या. पात काढताना जमिनीपासून चार बोटं वर कापा आणि सांभाळून, तिच्या कडा बोट कापतात.

पानओवा म्हणजे जाड, लवदार पानांचा तो. फोडणीतला ओवा याचा नव्हे. तो वेगळ्या झाडाचा, आणि ते झाड कोथिंबिरीच्या कुळातलं. पण वास इतका सारखा की पोटदुखीला घरोघरी याचंच पान चावायला देतात. याची काडी तोडा आणि सरळ मातीत खोचा, एवढीच कृती. जास्त पाणी घालणं हा याला मारण्याचा एकमेव खात्रीचा मार्ग आहे.

भज्यांसाठी मोठी पानं देठासकट खुडा, लव असल्याने चोळून धुवा आणि कोरडी करा. बेसनात चमचाभर तांदळाचं पीठ, हळद, तिखट, हिंग, मीठ घालून पीठ थोडं पातळच भिजवा. देठाला धरून पान बुडवायचं आणि तेलात सोडायचं. ओवा वेगळा घालू नका, पान पुरेसं बोलतं.

कढीपत्ता : धीर धरणाऱ्यांचं झाड

नर्सरीत रोप निवडताना उंची बघू नका, एक पान चुरगाळून वास घ्या. काही रोपांच्या पानाला हिरव्या गवतापलीकडे वासच नसतो, आणि तो पुढेही येत नाही. घरी बी लावायचं असेल तर पिकून काळी झालेली फळं घ्या, गर काढून टाका आणि लगेच पेरा. या बीची उगवण्याची ताकद फार लवकर जाते, म्हणून साठवलेलं बी विकत घेण्यात अर्थ नाही. जुन्या झाडाच्या मुळांतून आलेला फुटवा मुळासकट काढून लावणं हा सगळ्यात सोपा उपाय.

सुरुवात आठ-दहा इंची कुंडीत करा आणि दरवर्षी एक माप वाढवत चौदा-सोळा इंचांवर थांबा. पहिल्या वर्षी एखाद-दुसरी डहाळीच तोडा. आणि तोडण्याबद्दल नीट लक्ष द्या, कारण सगळे चुकतात ते इथेच. एकेक पान ओरबाडून घेतलं तर झाड उंच, काटकुळं होतं आणि बुडाशी उघडं पडतं. शेंड्याची कवळी फांदी दोन-तीन डहाळ्यांसकट कात्रीने कापा. कापलेल्या जागेखालून दोन फुटवे येतात, ते वाढले की त्यांचेही शेंडे कापा. असं वर्ष-दीड वर्ष केलं की काठीसारखं रोप झुडूप होतं. फुलं आली तर तीही काढा, नाहीतर झाडाचा जोर फळांकडे जातो.

डिसेंबर-जानेवारीत, विशेषतः पुणे-नाशिकच्या थंडीत, पानं पिवळी पडून गळतात. झाड मेलेलं नसतं, झोपलेलं असतं. या काळात पाणी कमी करा आणि खत अजिबात देऊ नका. फेब्रुवारीत नवे कोंब दिसले की उंचीचा तिसरा भाग छाटा, वरची दोन इंच माती काढून तिथे गांडूळखत भरा. वर्षातलं महत्त्वाचं काम ते एवढंच.

आंबट ताकाबद्दल सगळे विचारतात. पाचपट पाणी घालून महिन्यातून एकदा दिलंत तर थोडं पोषण मिळतं, पण त्यात जादू काही नाही. घट्ट ताक ओतलंत तर मुंग्या आणि वास मात्र नक्की येतील. पानं पिवळी आणि शिरा तेवढ्या हिरव्या दिसत असतील तर लोहाची कमतरता आहे, आणि ती बोअरवेलचं जड पाणी घालणाऱ्यांकडे हमखास दिसते. लिटरभर पाण्यात एक-दोन ग्रॅम हिराकस (फेरस सल्फेट) विरघळवून मातीत घाला. त्या कामी ताकाहून ते बरं.

एके सकाळी पानावर पक्ष्याची विष्ठा पडल्यासारखं काही दिसेल आणि ते हलेल. ती लिंबावर येणाऱ्या फुलपाखराची अळी. कढीपत्ता लिंबाच्याच कुळातला, म्हणून ती इथेही येते. मोठी झाली की हिरवीगार होते, आणि काडीने डिवचलं तर डोक्यामागून दोन नारिंगी शिंगं बाहेर काढून उग्र वास सोडते. दोन अळ्या छोट्या रोपाची सगळी पानं चार दिवसांत फस्त करतात. फवारणीची गरज नाही, काडीने उचलून खाली कुठे लिंबाचं किंवा कढीपत्त्याचं मोठं झाड असेल तर त्यावर सोडा. काळसर, चिकट खवले किंवा पांढरा पिठ्या ढेकूण दिसला तर ओल्या कापसाने पुसा, आणि मग लिटर पाण्यात पाच मिली कडुनिंबाचं तेल आणि थोडं रिठ्याचं पाणी एकत्र करून संध्याकाळी फवारा. चार-पाच दिवस ती पानं वापरू नका.

अमेरिकेत राहणाऱ्यांसाठी वेगळी सूचना. सुट्टीहून परतताना बॅगेत रोप टाकून नेण्याच्या फंदात पडू नका. लिंबूवर्गीय झाडांच्या एका रोगामुळे तिथे कढीपत्त्याच्या रोपांवर कडक निर्बंध आहेत, आणि कॅलिफोर्निया, फ्लोरिडासारख्या राज्यांत दुसऱ्या राज्यातून मागवतानाही अडचण येते. स्थानिक, परवानाधारक नर्सरीतूनच घ्या. रात्रीचं तापमान दहा अंशांखाली जायला लागलं की कुंडी घरात, सगळ्यात उजेडाच्या खिडकीत आणा, हीटरच्या झोतापासून लांब.

छाटणीत खूप पानं निघतात, त्यांची चटणी करा. दोन वाट्या पानं धुऊन फडक्यावर पूर्ण वाळवा. चमचाभर तेलात मंद आचेवर ती बोटांनी चुरडली जातील इतकी कुरकुरीत परता. अर्धी वाटी सुकं खोबरं, पाव वाटी तीळ, पाच-सहा सुक्या मिरच्या वेगवेगळं भाजा. चिंचेचं छोटं बुटुक आणि मीठ घालून सगळं भरड वाटा. पान जरा जरी ओलसर राहिलं तर चटणी आठवड्यात खवट लागते.

हळद : पानासाठी

कोकणात आणि गोव्यात श्रावणात पातोळ्या करतात. शहरात ऐन सणाला हळदीची पानं मिळणं कठीण जातं आणि मिळालीच तर फाटकी. घरी तीन गड्डे लावले की हा प्रश्न सुटतो.

वाणसामानातलं हळकुंड उगवणार नाही. सांगलीच्या पेठेतून येणारी ती हळद उकडून वाळवलेली असते. थंडीत लोणच्यासाठी जी ओली हळद मिळते, तिचे डोळे असलेले तुकडे घ्या, कोरड्या वाळूत अंधारात ठेवा आणि मे महिन्याच्या सुरुवातीला लावा. नागपंचमीला पानं हवीत तर उशीर करू नका, गणपतीसाठी महिनाअखेरही चालेल. बारा इंची पिशवीत तीन तुकडे, डोळे वर, दोन इंच खोल. कोंब यायला तीन-चार आठवडे लागतात, तोवर माती फक्त ओलसर ठेवा. या काळात भरपूर पाणी घातलं तर गड्डा आतल्या आत कुजतो. पाऊस लागला की पानं भराभर मोठी होतात. एका वेळी झाडावरची तिसरा हिस्सा पानंच कापा, म्हणजे खालचा गड्डाही पोसला जाईल. जानेवारीच्या आसपास पानं वाळली की उपसा, ओल्या हळदीचं लोणचं वर फुकट.

पातोळीसाठी तांदळाचं पीठ चिमूटभर मीठ घालून इडलीच्या पिठापेक्षा किंचित घट्ट भिजवा. धुऊन पुसलेल्या पानावर बोटांनी पातळ पसरा, कड सोडून. एका अर्ध्यावर गूळ-खोबऱ्याचं, वेलची घातलेलं सारण पातळ लावा आणि पान मधल्या शिरेवर दुमडून कडा हलके दाबा. मोदकपात्रात बारा-पंधरा मिनिटं. वाफेबरोबर जो वास घरभर जातो तो वाळक्या पानातून कधीही येत नाही. पान लगेच सोलू नका, जरा निवू द्या, म्हणजे शिरांची नक्षी पातोळीवर नीट उमटते.

आता कोथिंबीर

ऑक्टोबर ते फेब्रुवारी हा तिचा खरा हंगाम. उन्हाळ्यात ती चार पानं देते आणि लगेच तुऱ्यावर जाते, पावसाळ्यात मुसळधार सरींनी लोळते आणि कुजते.

धण्याचा दाणा म्हणजे एक फळ, आत दोन बिया. तो न फोडता पेरला तर उगवण उशिरा आणि विरळ होते. धणे कागदावर पसरून लाटण्याने हलकेच दाबून फिरवा, दोन फाका झाल्या पाहिजेत, भुगा नव्हे. रात्रभर पाण्यात भिजवा, सकाळी निथळून ओल्या फडक्यात दिवसभर बांधून ठेवा. डब्यातले धणे चालतात, पण या वर्षीचे, हिरवट छटेचे आणि न भाजलेले. जुने तपकिरी धणे मसाल्यालाच ठेवा.

रुंद आणि सहा-आठ इंच खोल कुंडी घ्या. फळांचा प्लास्टिकचा क्रेट गोणपाट घालून उत्तम चालतो. तीन-तीन बोटांवर ओळी, अर्धा इंच खोल, वर माती आणि झारीने पाणी. उगवेपर्यंत ओलं वर्तमानपत्र झाका आणि रोज उचलून बघा. आठ-बारा दिवसांत कोंब दिसतील, त्या दिवशी कागद काढा आणि जाळी टाका. कोथिंबिरीचं मूळ सरळ खाली जातं, म्हणून रोपं उपटून दुसरीकडे लावायची नाहीत.

पाच-सहा आठवड्यांनी बाहेरची पानं देठासह कापा, मधला कोंब सोडा. अशा दोन-तीन कापण्या मिळतात. चौथीची वाट बघू नका. सतत हवी असेल तर दर पंधरवड्याला दुसरा क्रेट पेरा. एखादा क्रेट तुऱ्यावर गेलाच तर पांढरी फुलं येऊ द्या. त्यानंतर येणारे कच्चे हिरवे धणे हिरव्या मिरचीबरोबर ठेचून बघा. ते विकत कुठे मिळत नाहीत.

देठ फेकू नका. वास पानांपेक्षा देठात टिकाऊ असतो, म्हणून ते वाटणात घालायचे आणि पानं गॅस बंद केल्यावर. चहाला उलट आहे, गवती चहा आणि आलं आधी नुसत्या पाण्यात तीन-चार मिनिटं उकळायचं, मग पावडर, मग दूध. पुदिन्याची चटणी काळी पडते ती मिक्सरच्या उष्णतेने, तेव्हा बर्फाचा खडा आणि लिंबू घालून थांबून थांबून फिरवा. पुदिना सावलीत वाळवून ठेवता येतो. कोथिंबीर वाळवण्यात अर्थ नाही, गवत उरतं.

ज्यांना पंधरा-वीस दिवसांत काहीतरी हवं

लसणाच्या कोंब आलेल्या पाकळ्या टोक वर करून दाटीने खोचा, तीन आठवड्यांत पात. मेथ्या रात्रभर भिजवून रेताड मातीवर दाट पसरा. दहा-बारा दिवसांत मुंबईच्या बाजारात समुद्रमेथी म्हणून छोट्या जुड्या मिळतात तशी कोवळी मेथी हाताशी येते. मुळं कापा, वाळू निघेपर्यंत तीन-चारदा धुवा आणि डाळीत शेवटी घाला. रोझमेरीचं रोप मोहात पडून मुंबईत आणू नका, पावसाळी दमट हवेत ते फार काळ टिकत नाही. त्या प्रकारातलं काही हवंच असेल तर बेसिल लावा. फालुद्यातला सब्जा त्याचंच बी, मातीवर भुरभुरवलं की उगवतं.

मे महिन्यात गावाला जाणार असाल तर आदल्या दिवशी सगळ्या कुंड्या सावलीत एकत्र घ्या, पुदिना आणि कोथिंबीर मातीपासून दोन बोटं ठेवून कापा आणि कुंडीत वाळक्या पानांचा जाड थर द्या. पाण्याची बादली कुंड्यांपेक्षा उंच ठेवून तिच्यातून प्रत्येक कुंडीत जुन्या सुती साडीची पट्टी सोडा, पट्टी आधी पूर्ण भिजवलेली हवी आणि तिचं टोक मातीत चार बोटं पुरलेलं. आठवडा त्यावर निघतो. त्याहून जास्त दिवस जाणार असाल तर किल्ली शेजारी द्या आणि सांगून जा की हवा तेवढा पुदिना तोडा, फक्त पाणी घाला.